फोक-वुल्फ १९०: ए-५, ए-८ आणि 'डोरा' ओळखायचे कसे?

फोक-वुल्फ १९० हे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान, आणि ए-५, ए-८ ही त्याच्या प्रकारांची नावं. त्याच्या मॉडेलबद्दल तुमचे प्रश्न तीन. १:४८ मापाचं 'ए-८' किट घेतलंत, डबा उघडला तर आत दोन तऱ्हेच्या कॅनोपी, तोफांवरची दोन वेगळी झाकणं, पंखात बसवायच्या तीन प्रकारच्या नळ्या आणि सूचनापत्रिकेत निम्म्या भागांवर 'वापरू नये' अशी फुली. यातलं ए-८ चं काय आणि ए-५ चं काय? दुसरा प्रश्न, डी-९ उर्फ 'डोरा' म्हणजे ए-८ ला लांब नाक चिकटवलं एवढंच का? आणि तिसरा, ए नंतर एकदम एफ, जी, मग डी असा क्रम कसा, बी आणि सी गेले कुठे?

आधी थेट उत्तर देतो. पिटो नळी, म्हणजे वेग मोजायची पुढे आलेली बारीक नळी, उजव्या पंखाच्या टोकाशी असेल आणि कॉकपिटच्या पुढे इंजिनावरचं झाकण फुगीर असेल तर ते ए-८. झाकण सपाट, पिटो नळी पंखाच्या साधारण मध्यावर आणि बाहेरच्या तोफा आखूड व बारीक असतील तर ए-५. फुगीर झाकण पण नळी अजून मध्यावरच, तर ए-७. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं. पण हे पाठ करून ठेवलंत तर पहिल्याच अपवादाला अडखळाल, आणि या विमानात अपवाद पोत्यानं आहेत. त्यापेक्षा बदल का झाले ते लक्षात ठेवा. हे विमान दर वर्षी जड होत गेलं, आणि पुढे वजन वाढलं की मागे, मागे वाढलं की पुढे, अशी तोंडमिळवणी करत गेलं. बैलगाडीत मागे दोन पोती जास्त पडली की गाडी उलाळते, मग गाडीवान काहीतरी पुढे सरकवतो. विमानाचा रचनाकार कुर्ट टांक, त्याच्या माणसांनी १९४२ ते १९४५ हेच केलं. ए-५, ए-८, डी-९ या तिन्ही टप्प्यांवर हाच हिशेब दिसतो.

सुरुवात नाकापासूनच करायला हवी, कारण त्रास तिथूनच सुरू झाला. पहिलं नमुना विमान १ जून १९३९ ला ब्रेमेनमध्ये उडालं, चालक हान्स सांडर. त्यात बीएमडब्ल्यू १३९ हे अठरा सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं इंजिन होतं आणि कॉकपिट जवळजवळ त्याला टेकूनच. आतलं तापमान ५५ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं. ते इंजिन सोडून चौदा सिलिंडरचं, ४१.८ लिटरचं बीएमडब्ल्यू ८०१ घेतलं. ते जास्त लांब आणि जास्त जड, म्हणून कॉकपिट मागे सरकलं. वजन वाढल्यावर छोटा पंख पुरेना, मग पंखांचा विस्तार साडेनऊ मीटरवरून साडेदहा मीटर केला. म्हणजे मालिका सुरू व्हायच्या आतच एक फेरी होऊन गेली.

पुढचं टोक घट्ट बंद आणि आत बारा पात्यांचा पंखा, हा या विमानाचा चेहरा. पंखा प्रोपेलरच्या जवळजवळ तिप्पट वेगानं फिरायचा आणि हवा सिलिंडरांवर ढकलायचा. तरीही मागच्या रांगेतले सिलिंडर तापायचे. १९४१ मध्ये रेक्लिनला चाचणी पथकानं जे भोगलं ते बहुतेक याच तापण्यापायी. विमान रद्दच करावं इथपर्यंत गोष्ट गेली होती. ए-१ त्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेरीस फ्रान्समध्ये जेजी २६ कडे (जेजी म्हणजे जर्मन लढाऊ विमानांचं दल) पोचलं. इंग्रज वैमानिकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फ्रेंचांकडून हाती लागलेली अमेरिकन बनावटीची कर्टिस विमानं असावीत असा तर्क लढवला गेला. गोल नाकाचं जर्मन लढाऊ विमान असेल अशी अपेक्षाच नव्हती.

ए-१ ते ए-४ हा गट मी एका दमात सांगतो, कारण तुमच्या डब्याशी त्याचा फारसा संबंध नाही. ए-१ मध्ये नाकावर आणि पंखाच्या मुळाशी मिळून चार एमजी १७, म्हणजे ७.९२ मिमीच्या मशीनगन, आणि बाहेरच्या बाजूला २० मिमीच्या दोन एमजी एफएफ तोफा. ए-२ मध्ये मुळाशी एमजी १५१/२० आल्या आणि त्या शेवटपर्यंत राहिल्या. ए-३ मध्ये ८०१ डी-२ इंजिन, १७०० अश्वशक्तीचं, जास्त ऑक्टेनच्या सी-३ पेट्रोलवर चालणारं. ए-४ मध्ये रेडिओ बदलला, त्यामुळे शेपटीच्या उभ्या पात्याच्या टोकावर एक आखूड खुंटी आली. ए-३ आणि ए-४ शेजारी ठेवलेत तर सहज दिसणारी खूण हीच. ए-३ चं नाव मात्र वेगळ्याच कारणानं झालं. २३ जून १९४२ ला आर्मिन फाबर नावाचा जेजी २ चा वैमानिक दिशा चुकला, ब्रिस्टल खाडीला इंग्लिश खाडी समजला आणि वेल्समधल्या पेंब्री तळावर अलगद उतरला. इंग्रजांना धडधाकट विमान फुकटात मिळालं. तुर्कस्तानलाही ७२ ए-३ विकली गेली, त्यामुळे चंद्रकोर-ताऱ्याच्या खुणेतलं फोक-वुल्फ करायचं असेल तर ते ए-३ च करायचं.

आता ए-५. मॉडेल करणारे सगळ्यात जास्त गफलत इथे करतात, कारण फरक डोळ्यांत भरत नाही. विमानानं जास्त बॉम्ब, जास्त टाक्या, जास्त उपकरणं न्यावीत असं ठरलं. हे सगळं वजन कॉकपिटच्या खाली आणि मागे पडणार, म्हणजे गुरुत्वमध्य मागे जाणार. उपाय सरळ होता: इंजिन धरणारा सांगाडा लांब करून इंजिन सुमारे १५ सेंटिमीटर पुढे नेलं. एकूण लांबी ८.८० वरून ८.९५ मीटर झाली. तुमच्या १:४८ मापात हे जेमतेम तीन मिलिमीटर होतात, १:७२ मध्ये दोनच.

तीन मिलिमीटर शोधायचे कुठे? काऊलिंगकडे, म्हणजे इंजिनावरच्या गोल आवरणाकडे, पाहू नका, ते तेच आहे. बाजूनं बघा. एक्झॉस्टच्या नळ्या धडाच्या कडेला गुच्छानं बाहेर पडतात, त्यांच्या मागे पंखाच्या मुळाच्या वर एक पॅनल आहे. लांबी वाढली ती या पट्ट्यात. ए-४ मध्ये एक्झॉस्ट आणि पंखाची पुढची कड एकमेकांना खेटून वाटतात. ए-५ मध्ये मधे मोकळी जागा दिसते आणि विमानाचा चेहराच जरा सैल झाल्यासारखा वाटतो. त्याच पॅनलवर आधीच्या विमानांना उभ्या अरुंद फटी आहेत, गरम हवा बाहेर पडायला. पुढे त्यांच्या जागी उघडमीट होणाऱ्या झडपा आल्या. मात्र फटी म्हणजे ए-४ आणि झडपा म्हणजे ए-५ असं लिहून ठेवू नका. या बाबतीत कारखान्यांनी बरीच सरमिसळ केली आहे. लांबी मात्र खोटं बोलत नाही.

जुनी किटं पाहताना हे मोजूनच घ्या. काही किटांमध्ये एकच धड देऊन ए-३ पासून ए-८ पर्यंत सगळं त्याच्यावरच करायला सांगितलेलं असतं. डब्यावरच्या नावापेक्षा पट्टी लावलेली बरी.

ए-६ आणि ए-७ हे तोफांचे टप्पे. १९४३ च्या उन्हाळ्यापर्यंत अमेरिकन चार इंजिनी बॉम्बर दिवसाढवळ्या जर्मनीवर येऊ लागले होते, आणि एमजी एफएफ ही हळू मारा करणारी, ड्रममधून गोळे घेणारी तोफ त्यांच्यापुढे अपुरी पडत होती. ए-६ मध्ये पंखाची आतली रचना बदलून बाहेरच्या बाजूलाही पट्ट्यानं गोळे घेणारी एमजी १५१/२० बसवली. समोरून पाहिलंत तर चार सारख्या लांब नळ्या दिसतात. ए-७ मध्ये नाकावरच्या एमजी १७ काढून १३ मिमीच्या एमजी १३१ घातल्या. त्या जाड, मागची बाजू झाकणात मावेना, म्हणून वरचं झाकण दोन्ही बाजूंनी फुगलं. तुमच्या डब्यातली दोन झाकणं ती हीच. फुगीर झाकण लावताना एक सांभाळा: हे फुगवटे काठाशी हळूहळू उतरत जातात, आणि जोड भरण्याच्या नादात पुट्टी लावून घासलंत की पहिल्यांदा तेच मारले जातात. सँडपेपर गुंडाळलेली काडी फुगवट्याच्या लांबीनं चालवायची, आडवी नाही.

ए-८ फेब्रुवारी १९४४ पासून. सगळ्यात जास्त बनलेला प्रकार हाच, साडेसहा हजारांहून जास्त. सगळे प्रकार मिळून वीस हजारांच्या आसपास. इथे पुन्हा वजनाचा हिशेब. कॉकपिटखाली आधीच दोन टाक्या होत्या, २३२ आणि २९२ लिटरच्या. ए-८ मध्ये त्यांच्या मागे ११५ लिटरची तिसरी टाकी बसवण्याची सोय केली. तिच्यात पेट्रोल भरा, नाहीतर इंजिनाचा जोर वाढवणारं मिश्रण भरा. टाकी मागे म्हणजे शेपूट जड. यावेळी इंजिन हलवायला वाव नव्हता, म्हणून पोटाखालचा बॉम्ब किंवा जादा टाकी अडकवायचा ईटीसी ५०१ हा सांगाडा वीस सेंटिमीटर पुढे घेतला. किटमध्ये हा भाग वेगळा असतो आणि बरेच जण आधीच्या खुणेवरच चिकटवतात. १:४८ ला वीस सेंटिमीटर म्हणजे चार मिलिमीटरहून जास्त, चाकांच्या दारांच्या रेषेशी ताडून पाहिलं की लगेच खटकतं. पिटो नळी टोकाशी गेली तीही याच वेळी. डाव्या पंखाखाली एफयूजी १६ झेडवाय रेडिओची उभी काडी असते, ती मॉडेल हाताळताना हमखास मोडते, शेवटी लावा.

ए-९ म्हणजे ए-८ ला २००० अश्वशक्तीचं ८०१ टीएस इंजिन. तेलाची टाकी आणि थंड करणारं कडं मोठं झालं, त्यामुळे काऊलिंगचं पुढचं चिलखती वर्तुळ थोडं लांब आहे, आणि आत बाराऐवजी चौदा पात्यांचा पंखा. पण प्रोपेलरच्या मागे डोकावून पाती मोजण्याइतका चांगला फोटो तुम्हाला मिळणार नाही. अशा फोटोखाली 'ए-८ किंवा ए-९' लिहून मोकळं व्हावं. थोर थोर अभ्यासकही तेच करतात.

तुमच्या डब्यातल्या तिसऱ्या प्रकारच्या नळ्या, त्या ठेंगण्या जाड खुंट्या, एमके १०८ च्या आहेत. ३० मिमीची तोफ, नळी इतकी आखूड की पंखातून जेमतेम बाहेर येते, आणि गोळ्याचा वेग सेकंदाला ५४० मीटरच्या आसपास, म्हणजे फारच जवळ जाऊन मारावं लागे. त्या लावल्यात की विमान ए-८/आर२ होतं. बॉम्बरच्या थव्यात घुसणाऱ्या 'श्टुर्म' पथकांसाठी हे केलं. त्याबरोबर कॉकपिटच्या कडेला पोलादी पत्रे आणि कॅनोपीच्या दोन्ही बाजूंना ३० मिमी जाडीच्या काचेच्या ढापण्या यायच्या. ७ जुलै १९४४ ला ओशर्सलेबेनजवळ विल्हेल्म मोरित्सच्या चौथ्या गटानं, जेजी ३ च्या, अमेरिकन लिबरेटर बॉम्बरांवर जो हल्ला केला तो याच विमानांनी. पण इतकं ओझं घेऊन अमेरिकन मस्टँग लढाऊ विमानांशी गाठ पडली की हे विमान सावज. त्यांना संरक्षण द्यायला हलकी मेसरश्मिट १०९ वर ठेवावी लागत. तुम्ही आर२ करणार असाल तर पत्रे आणि ढापण्या दोन्ही लावायच्या की नाही हे ज्या त्या विमानाच्या फोटोवरून ठरवा. काही वैमानिकांनी ढापण्या काढून टाकल्या होत्या, कारण त्यांत बाष्प साठून बाजूचं दिसेना. काहींनी वजन कमी करायला नाकावरच्या मशीनगनही उतरवल्या होत्या.

इथे तिरक्या रेषेनंतरच्या अक्षराबद्दल दोन शब्द. 'यू' म्हणजे कारखान्यात केलेला बदल, 'आर' म्हणजे तळावर जोडता येणारा संच, असा मूळ नियम. नियम कागदावर ठीक होता. प्रत्यक्षात आर२ सारखे संच कारखान्यातूनच लागून यायचे.

एफ आणि जी यांना वेगळं विमान समजू नका. एफ हे पायदळाला मदत करणारं ए: एफ-८ म्हणजे ए-८ चंच धड, इंजिनाखाली आणि कॉकपिटभोवती जादा चिलखत, बाहेरच्या तोफा काढलेल्या, पंखाखाली लहान बॉम्बांचे सांगाडे. जी हे लांब पल्ल्याचं: पंखाखाली ३०० लिटरच्या दोन टाक्या आणि तोफा फक्त मुळाच्या दोन. नाकावरच्या मशीनगन नाहीत, म्हणून झाकणाच्या खाचाही बंद. आणि फुगीर कॅनोपी, जी तुमच्या डब्यात दुसरी आहे, ती मूळची या जमिनीवर मारा करणाऱ्या एफ मालिकेसाठी, खालचं नीट दिसावं म्हणून. पुढे ती उशिराच्या ए-८ वर, ए-९ वर आणि डी-९ वर आली. म्हणजे ए-८ ला दोन्ही चालतात, फोटो बघून लावा.

कॅनोपी उघडी ठेवायची असेल तर मात्र थांबा. या विमानाची कॅनोपी मागे सरकते तेव्हा तिचे रूळ मागे जवळ येत जातात, आणि माथ्यावरच्या बिजागरीमुळे ती आत दबून अरुंद होते. बंद स्थितीचा भाग तसाच मागे ढकलून चिकटवलात तर खालच्या कडा धडाच्या बाहेर लोंबतात. चांगल्या किटात उघड्या स्थितीसाठी वेगळा, अरुंद भाग देतात. नसेल तर बंदच ठेवा.

तोफा मोजून प्रकार ठरवायची सवय का सोडावी, याचं एक पक्कं उदाहरण आहे. १९४३ च्या जुलैत लेनिनग्राडच्या आघाडीवर जेजी ५४ चं एक विमान जंगलात उतरलं आणि झाडीत तसंच पडून राहिलं. १९८९ मध्ये ते सापडलं, अमेरिकेत नेऊन दुरुस्त केलं आणि २०१० मध्ये मूळच्या बीएमडब्ल्यू ८०१ इंजिनावर उडवलं. ते ए-५ आहे. पण पंखात बाहेरच्या तोफा नाहीत, कारण ते यू३, म्हणजे बॉम्ब नेणारं. नुसत्या नळ्या मोजणारा माणूस त्याला एफ किंवा जी म्हणून मोकळा होईल. वर सांगितलेला एक्झॉस्टमागचा पट्टा पाहिला, सपाट झाकण पाहिलं, पिटो नळीची जागा पाहिली, की ए-५ वर येता येतं.

आता डोरा. 'लांब नाक लावलं' हे म्हणणं अर्धं बरोबर आहे. ८०१ इंजिनाचं दुखणं उंचीवर होतं. त्याचा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) एकाच टप्प्याचा, दोन गतींचा, त्यामुळे सहा-साडेसहा हजार मीटरच्या वर जोर झपाट्यानं उतरायचा. अमेरिकन बॉम्बर येत होते त्याच्याही वरून. हे दुखणं आधीच ओळखलं होतं, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: बी ही ८०१ वरच, दाबबंद कॉकपिट घालून उंचीचा प्रश्न सोडवण्याची धडपड, सी मध्ये डीबी ६०३ हे द्रवानं थंड होणारं इंजिन आणि पोटाखाली भलामोठा टर्बोचार्जर, ज्यावरून त्याला कांगारू म्हणत. दोन्ही नमुन्यांपलीकडे गेली नाहीत. एफ आणि जी ही ए चीच रूपं असल्यानं कारखान्यातून आधी बाहेर पडली, आणि डी ला इंजिनासाठी थांबावं लागलं.

डी-९ मध्ये यूमो २१३ ए बसवलं. बारा सिलिंडर, उलट्या व्ही आकारात, द्रवानं थंड होणारं, मुळात बॉम्बरांसाठी बनलेलं. नाक गोल दिसतं ते पुढे कड्यासारखा रेडिएटर आहे म्हणून. युंकर्स ८८ वरही असंच होतं. त्यामुळे 'हे हवेनं थंड होणारं इंजिन आहे ना?' असं विचारणारे खूप भेटतात. हे इंजिन ८०१ पेक्षा लांब, म्हणून नाक पुढे गेलं. आणि मग तोच जुना हिशेब: नाक पुढे गेलं म्हणून शेपटीच्या अलीकडे धडात ५० सेंटिमीटरचा सरळ तुकडा घातला. एकूण लांबी १०.१९ मीटर झाली, ए-८ पेक्षा सव्वा मीटर जास्त. हा तुकडा फोटोत ओळखता येतो. ए-८ चं धड शेपटीकडे एकसारखं निमुळतं होत जातं. डोराचं धड निमुळतं होता होता मधेच थोडा वेळ निमुळतं व्हायचं थांबतं, मग शेपूट सुरू होते. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना पॅनलच्या उभ्या रेषा. ए-८ च्या किटाला बाजारातलं रेझिनचं नाक जोडून डोरा करू पाहणारे हा तुकडा विसरतात आणि मॉडेल पुढे ओणवं दिसू लागतं.

बाकी खुणा: सुपरचार्जरचं तोंड नाकाच्या उजव्या बाजूला बाहेर आलेलं, पंखात बाहेरच्या तोफा नाहीत, फक्त मुळाच्या दोन आणि नाकावर दोन एमजी १३१, प्रोपेलरची पाती रुंद. चाकांची खोबण आत उघडी असते आणि तिच्यातून यूमोचा मागचा भाग, नळ्या, सगळं दिसतं. ए मालिकेतली सपाट भिंत इथे नाही. जुन्या डोरा किटात ही भिंत तशीच ठेवलेली आढळते. तेवढी कापून आत चार नळ्या आणि थोडं काळपट राखाडी केलं तरी मॉडेल उठून दिसतं.

वेग साधारण ताशी ६८५ किलोमीटर, साडेसहा हजार मीटरच्या आसपास, आणि पाणी-मेथॅनॉल मिश्रणाचं एमडब्ल्यू ५० चालू केलं की इंजिन थोडा वेळ २१०० अश्वशक्तीपर्यंत जाई. तरी पहिली विमानं १९४४ च्या शरदात जेजी ५४ च्या तिसऱ्या गटाला मिळाली तेव्हा वैमानिक नाखूश होते: बॉम्बरचं इंजिन लढाऊ विमानात! टांकनं स्वतः येऊन त्यांना सांगितलं की हा तात्पुरता उपाय आहे, खरं विमान टीए १५२. काही आठवड्यांत वैमानिकांचं मत बदललं. अनेकांच्या मते लुफ्तवाफचं, म्हणजे जर्मन हवाई दलाचं, सर्वांत चांगलं पिस्टन-इंजिनी लढाऊ विमान हेच. मलाही ते पटतं, निदान जे खरोखर लढाईपर्यंत संख्येनं पोचलं त्यांच्यात. टीए १५२ एच कागदावर सरस आहे: १४.४४ मीटरचा पंख, दाबबंद कॉकपिट, प्रोपेलरच्या मधून मारा करणारी ३० मिमी तोफ. पण जेजी ३०१ ला ती १९४५ च्या जानेवारीत मिळू लागली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आज जगात एकच शिल्लक आहे, अमेरिकेत स्मिथसोनियनकडे.

टांक पुढे अर्जेंटिनामार्गे १९५६ मध्ये आपल्याकडे, बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आला आणि एचएफ-२४ मरुत त्याच्या देखरेखीखाली झालं. १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडालं. तिथेही विमान उत्तम आणि त्याच्या तोडीचं इंजिन मिळेना, हेच दुखणं. ठरवलेलं ऑर्फियस १२ रद्द झालं आणि कमी जोराच्या ऑर्फियस ७०३ वर भागवावं लागलं. मुंबईत असाल तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मरुत उभं आहे. डोरा पाहून झाल्यावर त्याच्या भोवती एक चक्कर मारा, धडाची रेषा बघायला.

फोटो गोळा करताना एक सावधगिरी. प्रदर्शनांत उडणारी बरीच 'फोक-वुल्फ १९०' ही अलीकडे जर्मनीत नव्यानं बनवलेली आहेत, रशियन घराण्याच्या एएसएच-८२ इंजिनावर. दुरून बिनचूक वाटतात. काऊलिंगच्या मागच्या भागासाठी आणि एक्झॉस्टसाठी त्यांचा आधार घेऊ नका. पॅरिसजवळ ल बुर्जेच्या संग्रहालयात आहे ते युद्धानंतर फ्रान्सनं जर्मन भागांतूनच बनवलेलं, ते जास्त विश्वासाचं. १९४४ नंतरच्या मूळ फोटोंतही सरमिसळ असते. पडलेल्या विमानाचा पंख दुसऱ्याला, तिसऱ्याची शेपूट चौथ्याला, हे रोजचं होतं. रंगाच्या छटा पंखावर एक आणि धडावर दुसऱ्या दिसल्या तर कारण बहुधा तेच.

तुमच्या डब्यापुरतं: फुगीर झाकण, टोकाची पिटो नळी, पंखात चार लांब नळ्या, पुढे घेतलेला ईटीसी ५०१, चपटी कॅनोपी. हे १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंतचं साधं ए-८ झालं, त्यात वाद नाही. डिकॅल पत्रकावरचं कोणतं विमान करणार ते आधी ठरवा आणि त्याचा फोटो मिळाला तर टाका. उजव्या बाजूचा, पंखाचं टोक फ्रेममध्ये येईल असा असेल तर पाच मिनिटांत सांगता येईल.